लिनक्स कर्नलमधल्या क्लॉकचं डॉक्युमेंटेशन: पहिला पॅच पाठवताना

सोलापुरात इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर शिकणारी मुलं भेटली की एक प्रश्न हमखास येतो: "दादा, कर्नलमध्ये काम करायचंय, पण सुरुवात कुठून करू?" कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. मी दरवेळी क्लॉकचं नाव घेतो. नवा ड्रायव्हर, म्हणजे एखादं हार्डवेअर चालवणारा कोड, लिहायला बोर्ड लागतो, चिपचं डेटाशीट लागतं, हाताखालून बराच कोड गेलेला असावा लागतो. क्लॉकच्या एखाद्या फंक्शनवरची अर्धवट कमेंट नीट करायला जुना लॅपटॉप, इंटरनेट आणि वाचायची चिकाटी एवढं पुरतं. असा बदल पाठवतात त्याला पॅच म्हणतात. काम छोटं असलं तरी किरकोळ नाही. त्या कमेंटवर विश्वास ठेवून जगभरातले लोक ड्रायव्हर लिहितात. कमेंटनं सांगायला हवं ते सांगितलं नाही, तर कुणाचं तरी मशीन अडीनडीच्या वेळी अडकतं. ते मशीन अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यातलं असलं, तर अख्खी पाळी बसून राहते.

एक सूचना आधीच देतो. या लेखात फंक्शनांची नावं आपण बोलतो तशी लिहिली आहेत. "क्लॉक गेट रेट" म्हटलं की फाइलमध्ये ते सी-एल-के, अंडरस्कोर, गेट, अंडरस्कोर, रेट असं शोधायचं. बाकी नावांचंही तसंच.

आधी क्लॉक म्हणजे काय ते

तारीख-वेळ सांभाळणाऱ्या आरटीसीचा इथे संबंध नाही. इथला क्लॉक म्हणजे चिपमधल्या प्रत्येक भागाला मिळणारे ठोके. बोर्डावर एक क्रिस्टल असतो. बऱ्याच बोर्डांवर तो २४ मेगाहर्ट्झचा असतो, रास्पबेरी पाय ४ वर ५४ मेगाहर्ट्झचा. त्याचा वेग पीएलएल वाढवतो, डिव्हायडर कमी करतो, मक्स दोन-चार स्रोतांतला एक निवडतो आणि गेट तो पुढे सोडतो किंवा अडवतो. हे सगळं एकाखाली एक जोडलेलं असतं, म्हणून त्याला क्लॉक ट्री म्हणतात.

सोलापूरकराला हे पाण्यावरून लगेच कळेल. उजनीहून जलवाहिनीनं पाणी येतं, टाकीत चढतं, मग भागाचा व्हॉल्व्ह, गल्लीचा व्हॉल्व्ह आणि शेवटी घरचा नळ. टाकी भरायला वेळ लागतो, नळ फिरवायला लागत नाही. गल्लीचा व्हॉल्व्ह एका घरानं "आमचं झालं" म्हटलं म्हणून बंद होत नाही, सगळ्यांचं व्हावं लागतं. कर्नलमध्ये टाकी भरण्याच्या कामाला प्रिपेअर म्हणतात, नळ उघडण्याला एनेबल. "सगळ्यांचं झालं का" हे पाहायला प्रत्येक क्लॉकची मोजणी ठेवलेली असते.

प्रिपेअर आणि एनेबल वेगळे ठेवण्यामागचं कारण पक्कं समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पीएलएल स्थिर व्हायला वेळ घेतो. कधी क्लॉक देणारी चिप आयटूसी या संथ दोन तारांच्या जोडणीच्या पलीकडे असते आणि तिच्याशी बोलायलाच वाट पाहावी लागते. म्हणून क्लॉक प्रिपेअर हे फंक्शन झोपू शकतं, म्हणजे काम होईपर्यंत प्रोसेसर दुसऱ्याला देऊन थांबू शकतं. क्लॉक एनेबल मात्र बहुतेक वेळा रजिस्टरमधला एक बिट बदलतं, त्याला झोपायची परवानगीच नाही. त्यामुळे ते इंटरप्ट हँडलरमधूनही, म्हणजे हार्डवेअरनं मध्येच हाक दिल्यावर चालणाऱ्या कोडमधूनही, बोलावता येतं. या फरकापायीच आत दोन कुलुपं आहेत: प्रिपेअरच्या बाजूला म्युटेक्स (मोकळं होईपर्यंत झोपता येतं ते), एनेबलच्या बाजूला स्पिनलॉक (न झोपता जागीच वाट पाहावी लागते ते).

थोडा इतिहास, कारण तो पॅचमध्ये आडवा येतो

सगळ्यांचं मिळून एक असं कॉमन क्लॉक फ्रेमवर्क लिनक्स ३.४ मध्ये, २०१२ साली आलं. ते माइक टर्केट यांनी उभं केलं. त्याआधीही क्लॉकची फंक्शनं होती. हेडर फाइल एकच होती, पण एआरएम प्रोसेसरच्या प्रत्येक प्लॅटफॉर्मनं आतला कोड आपापला लिहिला होता. ते जुनं हेडर रसेल किंग यांच्याकडचं. थोडक्यात, हेडर आधीचं आणि आजचा कोड नंतरचा.

याचा परिणाम आजही दिसतो. हेडरमधली कमेंट म्हणजे फंक्शन बोलावणाऱ्याशी केलेला करार आहे, खाली कोड कुणाचाही असो. क्लॉकच्या मुख्य सी फाइलमधली कमेंट सांगते, की आमचा हा कोड प्रत्यक्षात काय करतो. कर्नलच्या मेंटेनर्स फाइलमध्येसुद्धा (कोणता भाग कोण सांभाळतं त्याची यादी) हेडरची नोंद वेगळी आहे, रसेल किंग यांच्या नावानं, आणि फ्रेमवर्कची वेगळी, माइक टर्केट आणि स्टीफन बॉइड यांच्या नावानं. नवखा माणूस दोन्ही कमेंटी एकाच मापानं मोजतो आणि तिथेच त्याचा पॅच परत येतो.

पहिली पायरी: कोड उतरवणं

कर्नलचा पूर्ण इतिहास काही जीबींचा आहे. रात्री लावून ठेवा, सकाळी तयार मिळेल. जागा वाचवायला डेप्थ १ देऊन फक्त वरचा थर घ्यायचा मोह होतो, तो आवरा. कमेंटची एखादी ओळ कुणी, कधी आणि कशासाठी लिहिली हे गिट या इतिहास ठेवणाऱ्या साधनाच्या ब्लेम आणि लॉग या आज्ञांवरूनच कळतं, आणि डॉक्युमेंटेशनच्या कामात अर्धी उत्तरं तिथेच सापडतात. लायनस यांचा मुख्य ट्री घ्या आणि त्यालाच लिनक्स-नेक्स्टचा, म्हणजे पुढच्या आवृत्तीसाठी जमवलेल्या बदलांच्या ट्रीचा, रिमोट जोडा. तुम्ही नीट करायला घेतलेली ओळ कुणी आधीच नीट केली असेल, तर ती नेक्स्टमध्ये दिसेल.

दुसरी पायरी: तीन ठिकाणं, याच क्रमानं

सगळ्यात आधी डॉक्युमेंटेशन फोल्डरमधल्या ड्रायव्हर-एपीआय विभागातली सीएलके डॉट आरएसटी वाचा. सुरुवातीलाच ती मोकळेपणानं सांगते, की हेडरमधल्या एपीआयचं, म्हणजे ड्रायव्हरनं बोलवायच्या फंक्शनांचं, सविस्तर स्पष्टीकरण हे अजून नाही, पुढेमागे कदाचित होईल. माझ्या मते नवख्यासाठी याहून उघडं निमंत्रण कर्नलमध्ये शोधून सापडणार नाही. या फाइलमधला कुलुपांविषयीचा भाग दोनदा वाचा. एनेबल-डिसेबलला स्पिनलॉक, बाकी सगळ्या क्रियांना म्युटेक्स. म्हणून बाकीची फंक्शनं ॲटॉमिक संदर्भातून, म्हणजे स्पिनलॉक हातात असताना किंवा इंटरप्टमध्ये, बोलवायची नाहीत. नियम स्वच्छ लिहिलेला आहे.

मग इन्क्लुड/लिनक्समधलं सीएलके डॉट एच हे हेडर. ड्रायव्हर लिहिणारा माणूस प्रत्यक्षात हेच उघडतो. कर्नलच्या वेबसाइटवर कोअर-एपीआय विभागातल्या कर्नल-एपीआय पानावरचा क्लॉकचा भागही याच कमेंटींपासून तयार होतो.

शेवटी ड्रायव्हर्स/सीएलके फोल्डरमधली सीएलके डॉट सी. फाइल हजारो ओळींची आहे, पहिल्या पानापासून वाचायला बसू नका. एक फंक्शन धरा आणि ते आत कुठेकुठे जातं तेवढंच पाहा.

तिसरी पायरी: फट शोधणं

क्लॉक गेट रेट घेऊ. काम साधं: क्लॉकचा सध्याचा वेग हर्ट्झमध्ये सांगणं. हेडरमधली कमेंट म्हणते, की क्लॉक एनेबल केलेला असेल तरच हा आकडा ग्राह्य. सी फाइलमधली कमेंट म्हणते, की क्लॉक एनेबल असो वा नसो, हे फंक्शन केव्हाही बोलवा. साठवून ठेवलेला वेग मिळेल, आणि "नो-कॅश"चा फ्लॅग लावलेला असेल तर हार्डवेअरवरून नव्यानं काढलेला मिळेल.

दोन कमेंटी समोरासमोर ठेवल्या की नवखा उडी मारतो: "सापडली चूक! हेडरमधली ओळ काढून टाकतो." थांबा. मघाचा इतिहास आठवा. हेडरची ओळ बोलावणाऱ्यावर बंधन घालते. ते बंधन काढलं, तर कॉमन फ्रेमवर्कखाली काही बिघडणार नाही. पण त्याच हेडरखाली दुसरा कोड असू शकतो, आणि बंद क्लॉकचा वेग विचारल्यावर त्याच्याकडे खरं उत्तर असेलच असं नाही. बंधन सैल करणारा बदल करायचा, तर हेडरखाली येणाऱ्या प्रत्येक कोडची जबाबदारी तुमच्यावर येते. पहिल्याच पॅचला एवढं ओझं घेऊ नका. या दोन वाक्यांवर काय चर्चा झाली आहे ते क्लॉकच्या मेलिंग लिस्टच्या, म्हणजे ईमेल यादीच्या, जुन्या पत्रव्यवहारात वाचा आणि मनात नोंदवून ठेवा.

आता त्याच फंक्शनकडे दुसऱ्या बाजूनं पाहा: हे झोपू शकतं का? हेडरमध्ये क्लॉक प्रिपेअरवर स्पष्ट लिहिलंय, की ॲटॉमिक संदर्भातून बोलवायचं नाही. क्लॉक एनेबलवर लिहिलंय, की बोलवता येतं. क्लॉक गेट रेटवर याबद्दल अवाक्षर नाही. सी फाइलमध्ये फंक्शन उघडलं की पहिल्याच कामाला प्रिपेअरचं कुलूप घेतलेलं दिसतं, म्हणजे म्युटेक्स. तेव्हा हे झोपू शकतं. आरएसटी फाइलमध्ये नियम आहे, कोडमध्ये तो पाळलेला आहे, फक्त ज्या पानावर ड्रायव्हर लिहिणाऱ्याची नजर जाते तिथे तो नाही. पहिल्या पॅचला अशीच फट हवी. शिवाय इथे तुम्ही बोलावणाऱ्याला सावध करता, त्याचं बंधन सैल करत नाही. (तुम्ही वाचाल तोवर कुणी ही ओळ घातलेलीही असेल. तसं असेल तर शेजारचं फंक्शन घ्या, पद्धत तीच.)

कुठलीही कमेंट तपासताना मी ठराविक प्रश्न विचारतो. हे झोपतं का? एनेबलची मोजणी कुणी जुळवायची? आकडा कोणत्या एककात आहे? नल पॉइंटर, म्हणजे कशाकडेच न दाखवणारा पत्ता, दिला तर काय होतं? (क्लॉकच्या एपीआयमध्ये नल हा चुकीचा मानत नाहीत, "ऑप्शनल" प्रकारानं मागितलेला क्लॉक नसला की नलच मिळतो आणि एनेबल त्यावर गुपचूप यश कळवतं.) आणि शून्य परत आलं तर त्याचा अर्थ काय?

या शेवटच्या प्रश्नावर जरा रेंगाळू. क्लॉक सेट रेटनं शून्य परत केलं म्हणजे काम झालं. क्लॉक गेट रेटनं शून्य दिलं म्हणजे काहीतरी बिनसलं किंवा क्लॉक नलच आहे. आणि "काम झालं" याचाही अर्थ "मागितला तोच वेग मिळाला" असा होत नाही. आकडे मांडून बघा. सिरियल पोर्ट १,१५,२०० बॉडवर चालवायचा आहे आणि यूआर्टला, म्हणजे तो पोर्ट चालवणाऱ्या भागाला, त्याच्या १६ पट क्लॉक लागतो, म्हणजे १८,४३,२०० हर्ट्झ. वर २४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आहे आणि मध्ये पूर्णांकानं भागणारा साधा डिव्हायडर. २४ मेगाहर्ट्झला १३ नं भागलं तर १८,४६,१५३ हर्ट्झ येतात, चूक ०.१६ टक्के, पोर्ट सुखानं चालतो. पण फ्रेमवर्कचा साधा डिव्हायडर मूळ रीतीनं मागितलेल्या वेगाच्या वर जात नाही. तो १४ नं भागतो. मग येतात १७,१४,२८५ हर्ट्झ, म्हणजे सुमारे १,०७,१४३ बॉड. मागणीपेक्षा जवळपास ७ टक्के कमी, आणि स्क्रीनवर नुसता कचरा. "सगळ्यांत जवळचा"चा फ्लॅग डिव्हायडरला लावला तरच १३ निवडला जातो. दोन्ही वेळा सेट रेट शून्यच परत करतं! वेग बसवल्यावर गेट रेटनं तो पुन्हा विचारून घ्यावा, किंवा आधीच राउंड रेटनं पाहावा, ही शहाणपणाची ओळ नवख्याला कुठे वाचायला मिळते हे पाहा. मिळत नसेल, तर तुमचा पुढचा पॅच ठरला.

चौथी पायरी: खरं आहे का ते तपासणं

"आधी करून बघ" हा सल्ला इथे अर्धाच कामाचा आहे, आणि यातलं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं.

समजा तुम्ही छोटं मॉड्यूल लिहिलं, स्पिनलॉक धरून क्लॉक गेट रेट बोलावलं आणि कर्नलच्या कॉन्फिगमध्ये ॲटॉमिक-स्लीपची तपासणीही चालू केली. बहुतेक वेळा काही होणार नाही. वेग मिळेल, इशारा येणार नाही. मग कमेंट लिहायची गरज काय? प्रिपेअरचं कुलूप घेणारा कोड उघडा. तो आधी "मोकळं असेल तर घेतो" अशा रीतीनं प्रयत्न करतो, म्हणजे म्युटेक्सचा ट्रायलॉक. मोकळं मिळालं तर काम झालं, झोपायचा प्रश्नच नाही. नाही मिळालं तर ते कुलूप आपल्याच टास्ककडे आहे का ते पाहतो. असेल तर मोजणी एकनं वाढवून पुढे जातो. दुसऱ्या कुणाकडे असेल तरच खऱ्या म्युटेक्सवर थांबतो. म्हणजे तुमच्या टेबलावर शंभर वेळा चाललेला कोड एकशे एकाव्या वेळी, दुसरा एखादा ड्रायव्हर नेमका त्याच क्षणी वेग बदलत असताना, स्पिनलॉक धरून झोपी जाईल. असा बिघाड चाचणीत सापडत नाही. तो लिहून ठेवलेला असेल तरच टळतो. डॉक्युमेंटेशनचं काम कोडाइतकंच जबाबदारीचं आहे असं मी म्हणतो ते यामुळेच.

तेव्हा तपासणी म्हणजे मुख्यतः वाचन. फंक्शनची वाट शेवटच्या कुलुपापर्यंत वाचा. कोडची सवय व्हावी म्हणून क्लॉक फ्रेमवर्कच्या केयुनिट, म्हणजे कर्नलमध्येच लिहिलेल्या, चाचण्या चालवा. त्यांना बोर्ड लागत नाही. टूल्स फोल्डरमधल्या केयुनिटच्या पायथन स्क्रिप्टला ड्रायव्हर्स/सीएलकेचा कॉन्फिग दिला की त्या लॅपटॉपवरच चालतात. चाचणीतला एखादा आकडा बदलून ती पाडा, मग का पडली ते शोधा. तासाभरात जेवढं कळतं तेवढं आठवडाभर ब्लॉग वाचून कळत नाही. हाताशी रास्पबेरी पाय असेल तर डीबगएफएसच्या (कर्नलच्या आतली माहिती दाखवणारी फाइल सिस्टिम) क्लॉक फोल्डरमधली "क्लॉक समरी" फाइल रूट होऊन वाचा. अख्खा ट्री उलगडतो: प्रत्येक क्लॉकची एनेबलची मोजणी, प्रिपेअरची मोजणी, वेग. यूएसबीत काहीतरी खुपसा, पुन्हा वाचा, कोणते आकडे हलले ते पाहा.

आणखी एक काम राहतं. बोलावणाऱ्यावर बंधन लिहिण्याआधी, आज कोण कसं बोलावतंय ते गिट ग्रेपनं पाहा. क्लॉक गेट रेट शेकडो ठिकाणी सापडेल, सगळी वाचायची गरज नाही. इंटरप्ट हँडलरमध्ये किंवा स्पिनलॉकच्या आत बोलावलेली दोन-चार सापडली तर नोंद करून ठेवा. रिव्ह्यूमध्ये कुणी "याची गरज काय" विचारलं, तर तीच तुमची बाजू.

पाचवी पायरी: ओळ लिहिणं

कर्नल-डॉकची कमेंट एक तिरकी रेघ आणि दोन चांदण्यांनी सुरू होते. पहिल्या ओळीत फंक्शनचं नाव, डॅश आणि एका वाक्यात काम. मग ॲटचं चिन्ह लावून एकेक आर्ग्युमेंट. मग मोकळी ओळ सोडून वर्णन. काय परत येतं आणि कोणत्या संदर्भातून बोलवायचं यासाठी वेगळी शीर्षकंही आहेत. पण या जुन्या हेडरमध्ये ती सगळीकडे वापरलेली नाहीत. शेजारच्या कमेंटी जशा आहेत तशीच तुमची ठेवा. अख्ख्या फाइलचं रूप पालटायचा उत्साह दाखवू नका. एका पॅचमध्ये एकच गोष्ट.

शब्दही नवे घडवू नका. क्लॉक प्रिपेअरवर "ॲटॉमिक संदर्भातून बोलवायचं नाही" असं जे इंग्रजी वाक्य आहे, तेच जसंच्या तसं गेट रेटवर घ्या. एकाच नियमाला दोन ठिकाणी वेगळे शब्द दिले, की वाचणारा त्यात नसलेला फरक शोधत बसतो.

इंग्रजीची धास्ती घेणारे बरेच असतात. आपल्याकडे घरी तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत मराठी आणि कॉलेजात इंग्रजी अशी गत असलेली कितीतरी मुलं आहेत. तुम्हाला सांगतो, कर्नलच्या कमेंटला सजलेलं इंग्रजी नकोच असतं. काय सांगायचंय ते आधी आपल्या भाषेत दोन वाक्यांत लिहा. ते स्वतःला पटलं, की छोट्या वाक्यांच्या इंग्रजीत आणा. कर्ता, क्रियापद, पूर्णविराम. ज्याला विषय कळलाय त्याचं मोडकं वाक्यही रिव्ह्यू करणारे सांभाळून घेतात.

लिहून झालं की कर्नल-डॉकची तपासणी त्या हेडरवर चालवा आणि एचटीएमएल डॉक्स बनवून क्लॉकचा भाग ब्राउझरमध्ये डोळ्यांनी पाहा. जागा चुकली तर वाक्य भलत्याच परिच्छेदाला चिकटतं, आणि ते फाइलमध्ये कळत नाही, पानावर कळतं. पूर्ण डॉक्स बनायला वेळ लागतो; फक्त कोअर-एपीआयचा विभाग निवडून बनवता येतो, तेवढाच करा. वीज जायच्या दिवसांत हे ध्यानात ठेवलेलं बरं.

सहावी पायरी: कमिटचा मजकूर

त्या फाइलचा गिट लॉग पाहा. विषयाची ओळ "सीएलके" आणि कोलननं सुरू होते, तुमचीही तशीच असू द्या. वाक्य आज्ञार्थी लिहायचं: "नोंदवा की क्लॉक गेट रेट झोपू शकतं" या वळणाचं. "मी नोंदवलं", "या पॅचमध्ये नोंदवलं आहे" असं नको.

मजकुरात बदलाचं कारण आधी. मी असं मांडेन: क्लॉक गेट रेट प्रिपेअरचा म्युटेक्स घेतं, त्यामुळे ते झोपू शकतं. आरएसटी फाइलमध्ये हा नियम सर्वसाधारण रूपात आहे, पण हेडरमध्ये या फंक्शनवर नाही. कुलूप बहुतेक वेळा मोकळं असल्यामुळे चुकीचा वापर चाचणीत दिसत नाही. म्हणून प्रिपेअरवरचंच वाक्य इथे घाला. चार वाक्यं. ओळी ७५ अक्षरांच्या आत ठेवा. खाली साइन्ड-ऑफ-बाय म्हणून तुमचं नाव आणि ईमेल. ती नुसती सही नाही: हा बदल माझा आहे किंवा पुढे पाठवायचा हक्क मला आहे, असं तुम्ही लिहून देता. निनावी चालत नाही.

मग चेकपॅच स्क्रिप्ट स्ट्रिक्ट पर्यायासह चालवा आणि ती दाखवेल ते दुरुस्त करा.

सातवी पायरी: पाठवणं

कुणाला पाठवायचं हे गेट-मेंटेनर स्क्रिप्ट सांगते. मी वर नावं दिली असली तरी स्क्रिप्ट चालवाच, नोंदी बदलत असतात. क्लॉकची स्वतःची यादी आहे, ती प्रतीत असायला हवी.

पॅच साध्या मजकुरात, ईमेलच्या अंगातच जातो. फाइल जोडून नाही, एचटीएमएलमध्ये तर नाहीच. यादीचा सर्व्हर एचटीएमएल पत्र परत फिरवतो. वेबवरच्या जीमेलमध्ये पॅच चिकटवला तर टॅब आणि ओळी बिघडतात, म्हणून गिट सेंड-ईमेल वापरा. जीमेलच्या खात्याला टू-स्टेप चालू करून ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. कॉलेजच्या किंवा हॉस्टेलच्या वायफायवर ५८७ पोर्ट बंद असू शकतो. पत्र जातच नसेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावून पाहा. तरीही जमेना, तर बी-फोर नावाचं साधन आहे, ते कर्नलच्या वेब सेवेतून पॅच पाठवतं, एसएमटीपी लागत नाही.

सगळ्यांना पाठवण्याआधी एकदा फक्त स्वतःला पाठवा. आलेलं पत्र सेव्ह करून गिट एएमनं नव्या ब्रँचवर लावून बघा. लागलं, तर दुसऱ्याकडेही लागेल.

उत्तर येईपर्यंत आणि आल्यावर

किमान आठवडाभर काही विचारू नका. दोन-तीन आठवडे लागणं नेहमीचं आहे. नवी आवृत्ती बाहेर पडल्यावरचे पहिले दोन आठवडे मर्ज विंडो असते, म्हणजे नवे बदल मुख्य ट्रीमध्ये घ्यायचा काळ, तेव्हा मेंटेनर कामात बुडालेले असतात आणि छोटे पॅच मागे पडतात. तारखा पाहून पाठवलं तर सोयीचं. बराच काळ काहीच आलं नाही, तर त्याच पत्राला उत्तर म्हणून एका ओळीत नम्रपणे आठवण करा.

उत्तर आलं की त्यातल्या प्रत्येक मुद्द्याखाली आपलं म्हणणं लिहायचं. वर एकगठ्ठा उत्तर आणि खाली जुनं पत्र लोंबतंय, असं इथे करत नाहीत. पहिली दोन-तीन उत्तरं कोरडी वाटतात. "का?" एवढंच विचारलेलं असतं, किंवा "चुकीचं आहे" आणि पुढे एक फाइलचं नाव. तो राग नसतो, त्या माणसाला त्या दिवशी आणखी कितीतरी पॅच बघायचे असतात. ती फाइल वाचा आणि कळलं ते लिहा. पटलं नाही तर कोडमधली जागा दाखवून सांगा.

बदल मागितला तर दुसरी आवृत्ती नवं पत्र म्हणून पाठवा, विषयात व्ही-टू लिहून. काय बदललं ते तीन डॅशच्या रेघेखाली लिहायचं, म्हणजे ते रिव्ह्यू करणाऱ्याला दिसतं पण गिटच्या इतिहासात जात नाही. कुणी रिव्ह्यूड-बाय, म्हणजे पॅच तपासल्याची सही, दिलं असेल तर ते पुढच्या आवृत्तीत जपून न्या. मजकूर मोठ्या प्रमाणात बदलला असेल तर मात्र काढा आणि का काढलं ते लिहा.

एक विचारणा होईल असं धरूनच चाला: "फक्त गेट रेटच का? याच हेडरमधली बाकीची?" प्रश्न रास्त आहे. राउंड रेट, सेट रेट, सेट पॅरेंट ही फंक्शनंही प्रिपेअरचंच कुलूप घेतात. त्यांची वाटही तशीच वाचून ठेवा, प्रत्येकावर हेडर काय म्हणतं ते वहीत टिपून ठेवा. मागणी आली की तीन पॅचची मालिका दोन दिवसांत उभी राहील. पहिला पॅच स्वीकारला गेला तर तो आधी क्लॉकच्या मेंटेनरांच्या नेक्स्ट ब्रँचमध्ये दिसेल, मग लिनक्स-नेक्स्टमध्ये, आणि पुढच्या मर्ज विंडोत मुख्य ट्रीमध्ये जाईल. तोवर ती मालिका त्याच्यावरच रचा.